नियम क्रमांक नऊचा मसुदा

तुमच्या शाळेत आजी-आजोबांच्या कामाविषयी लिहून आणायला सांगितलं आहे म्हणे. धाकटीने गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारलं, "आजोबा, तुम्ही एक्झॅक्टली काय करता?" तुमच्या आजोबांनी चष्मा काढला, घसा साफ केला आणि वीस मिनिटं बोलले. ते थांबल्यावर धाकटी म्हणाली, "ओके. पण तुम्ही करता काय?"

प्रश्न मला फार आवडला. चाळीस वर्षांत त्यांच्या एकाही विद्यार्थ्याला तो सुचला नव्हता. आजोबांना मात्र लागला. ते आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. तेव्हा उत्तर मीच, तुमची आजी, लिहिते आहे. तुमच्या आईला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. ती दिल्लीत वाढली, त्यामुळे 'मसुदा' शब्दाशी तीही अडखळेल. मसुदा म्हणजे कच्चा खर्डा. खर्डाही कळला नाही तर ड्राफ्ट म्हणा आणि पुढे चला.

तुमचे आजोबा राज्यघटनेचे अभ्यासक आहेत. सरकारने माणसाशी कसं वागावं, कुठवर जावं आणि कुठे थांबावं, हे राज्यघटनेत लिहिलेलं आहे. आणि ते नेमकं कुठे, कसं आणि कोणत्या निकालानंतर कसं बदललं, हे सांगणारं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आजोबांनी लिहिलं आहे. मानवी हक्कांच्या संरक्षणावरचं ते पुस्तक वकील विकत घेतात आणि विद्यार्थी झेरॉक्स काढतात. तुमची आई लहान असताना त्याच्या पहिल्या आवृत्तीवर उभी राहून बेसिनपर्यंत पोहोचायची. त्या पुस्तकामुळे एखादं माणूस वर आलेलं मी प्रत्यक्ष पाहिलं ते तेवढंच.

आता तिसरी आवृत्ती निघते आहे. काम करण्याची आमची पद्धत ठरलेली आहे. आजोबा हॉलमध्ये येरझारा घालत सांगतात, मी टाइप करते. मी इंग्रजी घेऊन एम.ए. झाले, सत्तावीस वर्षं कॉलेजात शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर टायपिस्टच्या जागेवर माझी नेमणूक झाली. अर्ज केल्याचं आठवत नाही. त्यांची वाक्यं लांब असतात. एखादं वाक्य बाल्कनीच्या दाराशी सुरू होतं, फ्रिजपर्यंत जातं, परत येतं आणि तरी क्रियापद आलेलं नसतं. अशा वाक्यांना मी मध्येमध्ये अर्धविराम घालते, म्हणजे वाचणाऱ्याला दम खायला जागा होते. एका परीक्षणात 'प्रवाही शैली' असं छापून आलं होतं. ती शैली म्हणजे माझे अर्धविराम.

पुस्तकाच्या शेवटची सूचीही मीच करते. सूची म्हणजे कोणता विषय कोणत्या पानावर आहे त्याची यादी. हल्ली ती कॉम्प्युटरवर होते. पण 'अटक' हा शब्द कुठे कुठे आला एवढंच कॉम्प्युटरला कळतं. अटकेविषयी खरोखर काही म्हटलंय कुठे, ते कळत नाही. म्हणून मी प्रत्येक विषयाचं एक कार्ड करते. आखीव कार्ड, वर तांबडी रेघ, उजव्या कोपऱ्यात प्रकरण आणि पान. कार्डं मराठीतच लिहिते, इंग्रजी शेवटी करते, आणि ती काजू कतलीच्या रिकाम्या डब्यांत अक्षरांप्रमाणे लावलेली असतात. दिल्लीत दिवाळीला एवढी काजू कतली येते की डब्यांची ददात नाही.

आम्ही नोएडात अकराव्या मजल्यावर राहतो, हे तुम्हाला माहीत आहे. मागच्या उन्हाळ्यात तुम्ही इथल्या लिफ्टमधून वरखाली करण्यातच सुट्टी घालवलीत. प्रत्येक टॉवरला दोन लिफ्ट आहेत. एकीत आरसा आहे, पंखा आहे आणि मंद संगीत लागतं. ती रहिवाशांची. दुसरीत आतून पत्रा ठोकलेला आहे आणि दिवा लागला तर लागतो. ती कामाला येणाऱ्यांची आणि फर्निचरची. तुम्ही कधी विचारलं नाहीत की अशा दोन का. मीही अकरा वर्षं विचारलं नव्हतं, तेव्हा तुम्हाला काही म्हणत नाही.

आमच्याकडे सकाळी जी कामाला येते तिला मी 'दीदी' म्हणते. ती माझ्याहून तीस वर्षांनी लहान आहे, पण इथली रीत तशी आहे. हाक मोठ्या बहिणीची मारायची आणि लिफ्ट पत्र्याची द्यायची. दीदी आमच्या सोसायटीत पाच घरांत काम करायची. पाचही घरं एकाच गेटच्या आत. गेटवर तिचा पास यंत्राला लावला की हिरवा दिवा लागतो आणि रहिवाशांच्या मोबाइलवर तिचा फोटो येतो. फोटोखाली तारे द्यायची सोय आहे. आजोबांनी तिला पाचांपैकी तीन तारे दिले होते. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "अगं, परीक्षेतसुद्धा मी कुणाला साठच्या वर देत नाही."

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी दीदी आली नाही. साडेनऊला तिचा फोन आला. गेटबाहेरून बोलत होती.

"आंटीजी, पास लाल हो गया."

"लाल मतलब?"

"गार्ड भैया बोल रहे हैं ब्लॉक है. शनिवार को वो लिफ्टवाली बात हुई थी न."

शनिवारची लिफ्टवाली बात मला माहीत नव्हती. ती अशी होती. प्रकाशकाकडून पुस्तकाची छापील प्रुफं आली होती. नऊशे पानांचा गठ्ठा, बाहेरून सुतळी. कुरिअरवाला तो गेटवरच टाकून गेला. दीदी कामाला येत होती, तिने पाहिलं की पार्सलवर आमच्या फ्लॅटचा नंबर आहे, आणि आपण होऊन उचललं. पत्र्याची लिफ्ट बंद होती. डोक्यावर नऊशे पानं घेऊन ती आरशाच्या लिफ्टमध्ये शिरली. चौथ्या मजल्यावर एक बाई कुत्र्याला घेऊन आत आल्या. त्या म्हणाल्या, तुला कळत नाही का, ही लिफ्ट तुमच्यासाठी नाही. दीदीने विचारलं, "कुत्ता जा सकता है तो मैं क्यों नहीं?" बाईंनी त्याच दिवशी लेखी तक्रार केली : उद्धट वर्तन. सोमवारी पास लाल.

म्हणजे पाहा. दीदीच्या डोक्यावर होतं काय, तर माणसाच्या प्रतिष्ठेवरची नऊशे पानं. मी हे रचून सांगत नाही. रचायचं असतं तर मी एवढं ढोबळ रचलं नसतं.

मी खाली सोसायटीच्या ऑफिसात गेले. सेक्रेटरी एका मोठ्या कंपनीत मनुष्यबळ विभागाचे साहेब आहेत. हसतमुखाने माणसं काढून टाकणं हे त्यांचं दिवसभराचं काम. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी ते आमची सोसायटी चालवतात. त्या दिवशी कसलीतरी सुट्टी होती.

"मॅडम, बिल्कुल सिस्टीम से हुआ है," ते म्हणाले. "कंप्लेंट आयी, पास ब्लॉक. रूल नंबर नाइन."

"उससे किसी ने पूछा?"

"किससे?"

"जिसका पास बंद किया."

लिफ्टला कुणी विचारलं का, असं मी म्हटल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, रूल में पूछने का प्रोव्हिजन ही नहीं है. और ये तो प्रोफेसर साहब का ही बनाया हुआ रूल है. वर्ल्ड क्लास ड्राफ्टिंग. दूसरी सोसायटीवाले कॉपी माँगते हैं."

मी वर आले. माझ्या कागदपत्रांना वर्षवार फायली आहेत, त्यामुळे शोधायला दोन मिनिटंही लागली नाहीत. तीन वर्षांपूर्वी सोसायटीने आजोबांना नियमावली करून द्यायची विनंती केली होती. आजोबा खूश होते. राज्यघटना लिहायला जन्म थोडा उशिरा झाला याची खंत त्यांना आहेच. एकशे साठ फ्लॅटांची का होईना, एक घटना हाताला लागली. नऊ दिवस येरझारा चालल्या होत्या. सर्वसाधारण सभेत नियमावली टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली आणि समोसे वाटले गेले. मीही टाळ्या वाजवल्या, मीही समोसा खाल्ला.

नियम नऊ असा होता : 'रहिवाशाची लेखी तक्रार आल्यास संबंधित सेवकाचा प्रवेश तात्काळ रद्द करण्यात येईल; समितीचा निर्णय अंतिम राहील; त्याविषयी कोणत्याही ठिकाणी कोणताही प्रश्न उपस्थित करता येणार नाही.' मूळ इंग्रजीत आहे, इंग्रजीत आणखी छान वाटतं.

मग मी 'स'चा डबा उघडला. 'सुनावणी, -चा हक्क' या कार्डावर सगळ्यात जास्त पानं होती. सातवं प्रकरण अख्खं त्यावर आहे. कुणाचंही काम, घर किंवा अब्रू काढून घेण्याआधी त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे, ही न्यायाची पहिली पायरी आहे; आणि 'आमचा निर्णय अंतिम, प्रश्न विचारू नका' असं जो नियम म्हणतो तो घाबरट सत्तेचा नियम असतो. 'घाबरट सत्ता' हे आजोबांचे शब्द. पान दोनशे बारा.

मी नियमावली आणि कार्ड दोन्ही त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. जेवण मीच केलं होतं, भांडी तशीच पडली होती, आणि आजोबांना दही हवं होतं.

"अहो, हे वाचा."

त्यांनी वाचलं. आधी कार्ड, मग नियम. मग परत कार्ड.

"दोन वेगळे संदर्भ आहेत हे," ते म्हणाले. "मूलभूत हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध असतात. सोसायटी म्हणजे राज्यसंस्था नव्हे. हा खासगी करार झाला."

"आणि अकरावं प्रकरण?"

"अकराव्याचा इथे काय संबंध?"

"अकराव्यात तुम्ही चाळीस पानं लिहिलीत, की ज्याच्या हातात दुसऱ्याची भाकरी आहे त्याच्यावरही हीच बंधनं यायला हवीत. मग ते सरकार असो, कारखाना असो, नाहीतर क्लब."

"यायला हवीत असं लिहिलंय मी. आली आहेत असं लिहिलेलं नाही."

"पण तुमच्याच हातात होतं की आणणं. नऊ दिवस."

"अगं, समितीला सुरक्षेची काळजी होती. व्यवहार म्हणून काही असतो की नाही? दही आहे का?"

दही होतं. मी दिलं नाही. सांगायला लाज वाटते, पण या लढ्यातली माझी पहिली कृती हीच.

पुढचे बारा दिवस दीदी गेटबाहेर आणि आमचं घर जसं होईल तसं. आजोबांनी सहकार्य म्हणून कप पुसायला घेतले. दोन कप पुसून झाले की त्यांना एखादा निकाल आठवायचा. दीदीचा एक दिवसाआड फोन यायचा. आधी ती विचारायची, "हुआ कुछ?" नंतर नुसतं "आंटीजी?" म्हणायची आणि थांबायची. पाचांपैकी एका घराने तोवर दुसरी बाई ठेवली होती. बाकीचे थांबतो म्हणाले होते. पण भांडी किती दिवस थांबतात ते आता मला ठाऊक झालं होतं. त्या प्रत्येक फोनला मी म्हणत होते, "कोशिश कर रहे हैं." कोशिश म्हणजे मी रोज सकाळी तो विषय काढायचे आणि आजोबा म्हणायचे, "योग्य वेळी समितीशी बोलतो." योग्य वेळ ही आजोबांच्या विषयातली फार महत्त्वाची संकल्पना आहे. तिच्यावर एक वेगळं कार्ड आहे.

संविधान दिन जवळ आला होता. दरवर्षी त्या सुमाराच्या एका रविवारी आजोबा कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहात मराठी मुलांसमोर बोलतात. ही मुलं गावाकडून येऊन करोल बागेच्या आसपास एका खोलीत चार-चार जणं राहतात आणि सरकारी सेवेच्या परीक्षांचा अभ्यास करतात. ती फार मन लावून ऐकतात, कारण यातलं काहीही पेपरात येऊ शकतं. यंदाचा विषय आजोबांनी उन्हाळ्यातच कळवला होता : 'दुसरी बाजू ऐकण्याचा धर्म'. तो बदलावा असं त्यांना वाटलं नाही. त्यांना काही वाटलंच नव्हतं, हा माझा खरा राग.

व्याख्यान उत्तम झालं. ते नेहमीच उत्तम होतं. उभं राहून बोलताना तुमचे आजोबा देखणे दिसतात. नंतर प्रश्नांसाठी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. सूत्रसंचालन करणारी मुलगी चिठ्ठ्या गोळा करून एकेक वाचत होती. माझ्यापर्यंत चिठ्ठ्या संपल्या. पर्समध्ये सूचीचं एक कोरं कार्ड होतं. त्यावर मी लिहिलं आणि पुढे पाठवलं.

मुलीने माइकवर वाचलं, "एका संस्थेचा नियम असा आहे, की तक्रार आली की संबंधित व्यक्तीचं काम तिला न विचारता बंद करावं, आणि हा निर्णय अंतिम राहील, त्याविषयी प्रश्न विचारता येणार नाही. हा नियम टिकेल का? आणि मसुदा करणाऱ्याविषयी सरांचं मत काय?"

आजोबांचा चेहरा उजळला. असा प्रश्न म्हणजे त्यांच्यासाठी गरम जिलबी.

"टिकेल का?" ते म्हणाले. "मला नवल वाटतं की तो एक दिवस तरी उभा कसा राहिला! घाबरट सत्ता कशी बोलते याचं उदाहरण हवं असेल तर वहीत उतरवून घ्या." सगळ्या हॉलने उतरवून घेतलं. "आणि मसुदा करणाऱ्याचं म्हणाल, तर तो कायदा शिकलेला नसावा. शिकलेला असेलच, तर त्याला परत पहिल्या वर्षाला बसवा. पहिल्या बाकावर."

टाळ्या झाल्या. समोसे नव्हते, बटाटेवडे होते.

"कुठली संस्था आहे ही?" आजोबांनी उत्साहाने विचारलं आणि हात पुढे केला. मुलीने कार्ड दिलं. आखीव कार्ड, वर तांबडी रेघ. आणि सवयीने मी उजव्या कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं : प्रकरण ७, पान २१२.

त्यांनी पाणी प्यायलं. ग्लास ठेवला. परत उचलला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढचा प्रश्न."

मला वाटलं होतं ते तिथेच कबूल करतील. तसं झालं असतं तर तुमच्या शाळेच्या प्रकल्पाला शोभून दिसलं असतं. पण नाही. पुढचा प्रश्न राज्यपालांच्या अधिकारांविषयी होता आणि त्याला त्यांनी पंधरा मिनिटं दिली.

परतताना टॅक्सीने यमुना ओलांडली. पूल संपल्यावर ते म्हणाले, "टाइप तू केला होतास."

"हो."

"नऊही दिवस."

"हो."

"तेव्हा वाचला नव्हतास?"

मी वाचला होता. अर्धविराम बरोबर पडलेत का ते वाचलं होतं. त्या वाक्यात तीन खंड आहेत आणि दोन्ही अर्धविराम अगदी जिथल्या तिथे आहेत. मी त्या वाक्यावर खूश झाले होते, हेही मला आठवलं. आजोबांना मी सांगितलं, "मला वाक्य आवडलं होतं."

"मलाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी समितीला पत्र सांगायला घेतलं. बारा पानं झाली. चौथ्या पानावर मध्ययुगातला कुणी राजा आला. मी राजासकट अकरा पानं काढून टाकली आणि एक पान पाठवलं : नियम माझा आहे, चूक माझी आहे, तिचं म्हणणं ऐका. सही करताना त्यांनी 'चूक' या शब्दापाशी पेन धरून ठेवलं. "'त्रुटी' म्हटलं तर?" मी 'चूक' शब्दावर बोट ठेवलं. सही झाली.

सुनावणी शनिवारी क्लबहाउसमध्ये ठरली. टेबल टेनिसच्या टेबलामागे पाच खुर्च्या होत्या : सेक्रेटरी, समितीचे दोघे, तक्रारदार बाई आणि सल्लागार म्हणून आजोबा. मी भिंतीशी. दीदी धुतलेली साडी नेसून, पास हातात धरून आली आणि दाराशी उभी राहिली.

आजोबा म्हणाले, "इनकी कुर्सी?"

सेक्रेटरी म्हणाले, "सर, ये लोग खड़े ही रहते हैं. आदत है."

आजोबा उठले आणि आपली खुर्ची तिच्यासमोर नेऊन ठेवली. दीदी बसेना. "बैठिये," ते म्हणाले, त्यांच्या परीक्षेतल्या आवाजात. ती अगदी कडेवर बसली. आता आजोबा उभे. ते सत्तरीपुढचे, तेव्हा बाकीच्यांना बसवेना. एक उठला, दुसरा उठला, सेक्रेटरी खुर्ची सरकवत उठले. शेवटी तक्रारदार बाईही. सगळी समिती उभी आणि एकटी आरोपी बसलेली, अशी ती सुनावणी झाली. बाईंचा कुत्रा टेबलाखाली झोपला.

"इसने मुझे जवाब दिया," बाई म्हणाल्या.

"क्या जवाब दिया?" आजोबांनी विचारलं.

"मतलब, बदतमीज़ी."

"शब्द क्या थे?"

बाईंना ते शब्द सांगावेसे वाटेनात. सेक्रेटरींनी घड्याळ पाहिलं. तेव्हा दीदीच म्हणाली, "मैंने पूछा था कि कुत्ता जा सकता है तो मैं क्यों नहीं." मग म्हणाली, "किसी ने बताया नहीं अभी तक."

तेव्हाही कुणी सांगितलं नाही. सेक्रेटरी म्हणाले की तो मुद्दा आजच्या विषयपत्रिकेवर नाही. मग ठराव झाला. सेवा-लिफ्ट त्या दिवशी बंद होती, पार्सल प्रोफेसरसाहेबांचं होतं, सबब पास पूर्ववत करण्यात येत आहे. यापुढे बोलताना काळजी घ्यावी अशी समज देण्यात येत आहे. नियम नऊमध्ये 'संबंधितास आपले म्हणणे मांडण्याची संधी देऊन' एवढे शब्द घालायचे. आजोबांनी तिथल्या तिथे सांगितले, मी लिहून घेतले. या वेळी दोनदा वाचले.

घरी येताना आजोबांना स्वर्ग दोन बोटं उरला होता. आरशाच्या लिफ्टमध्ये ते म्हणाले, "बघितलंस? प्रक्रिया! शेवटी सगळं प्रक्रियेत असतं." आरशात आम्ही दोघंच होतो. दीदी पत्र्याच्या लिफ्टपाशी थांबली होती.

सोमवारी ती आली तेव्हा वीस मिनिटं उशीर झालेला होता आणि तिला धाप लागली होती. पत्र्याची लिफ्ट पुन्हा बंद. अकरा मजले चढून आली होती.

"दूसरी लिफ्ट से क्यों नहीं आयी?" मी विचारलं, जसं काही मला माहीतच नव्हतं.

"आंटीजी, पास अभी-अभी हरा हुआ है," ती म्हणाली आणि भांड्यांकडे वळली. पाचांपैकी दोन घरं गेलेली होती. आमच्या सिंकमध्ये मी सकाळची भांडी घासून ठेवली होती ती तिने पुन्हा घासली. माझ्या घासण्याविषयी तिचं मत मला तेव्हा कळलं.

आजोबा हॉलमध्ये होते. हातात प्रुफं, पान दोनशे बारा. त्यांनी सगळं ऐकलं होतं. साडेअकराला दीदी निघाली तेव्हा ते उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "मी जरा पेपर आणायला खाली जाऊन येतो." पेपर सकाळीच आला होता, त्यांच्या बगलेत होता. दाराबाहेर जाऊन त्यांनी आरशाच्या लिफ्टचं बटण दाबलं आणि दार हाताने अडवून धरलं. "चलिये." दीदीने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. मानवी हक्कांसाठी त्यांनी शरीर हलवल्याचा हा पहिला प्रसंग. मी घड्याळ बघून ठेवलं.

पत्र्याच्या लिफ्टचा नियम सहा, तोही त्यांनीच लिहिलेला. तो रद्द करायला सर्वसाधारण सभा लागते, तीन-चतुर्थांश मतं लागतात, सभा मार्चमध्ये आहे. सेक्रेटरींच्या मते मतं मिळणार नाहीत. माझ्याही मते नाहीत. आजोबा ठरावाचा सातवा मसुदा करत आहेत आणि मी टाइप करायच्या आधी वाचते, त्यामुळे काम फार हळू चाललं आहे. पाचवा मसुदा मी दीदीला हिंदीत समजावून सांगितला. ती म्हणाली, "इतना लंबा?" सहावा निम्मा झाला.

प्रकाशक सूची मागतो आहे. 'ल'च्या डब्यात मी 'लिफ्ट' असं एक नवं कार्ड करून ठेवलं आहे. त्याच्या कोपऱ्यात पान क्रमांक नाही, कारण नऊशे पानांत त्याविषयी एक ओळही नाही. आजोबांनी ते पाहिलं आहे. अकरावं प्रकरण त्यांनी प्रुफांतून वेगळं काढून टेबलावर ठेवलं आहे.

तर धाकटे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आजोबा रोज साडेअकराला लिफ्टने खाली जातात आणि परत वर येतात. सकाळी नऊला खाली जाऊन दीदीला घेऊनही येतात, धुक्याची थंडी असली तरी. साठच्या वर मार्क मी त्यांना देणार नाही. चौथ्या मजल्यावर कधीकधी त्या बाई भेटतात. दार उघडतं, दीदी आणि आजोबा आत दिसतात, आणि बाई म्हणतात, "आप जाइये, मैं अगली से आती हूँ." कुत्रा मात्र आत यायला बघतो आणि पट्टा ताणून धरतो.